वादळ मागणाऱ्या सुगंधाताई

सुगंधाताई रोज सकाळी, चहाच्याही आधी, एका उपग्रहाला शिव्या घालायच्या.

शिव्या म्हणजे अगदी मनापासून. पर्स खुर्चीला अडकवायची, पदर कमरेला खोचायचा, संगणक सुरू करायचा आणि रात्रीत उपग्रहाने पाठवलेले आकडे पडद्यावर उतरले, की एक हात कमरेवर ठेवून सुरुवात. "काय रं बाल्या, रातभर कुटं उंडारत होतास? हे मधले आकडे कुटं हायत? गिललेस? लाज नाय वाटत?"

मी संस्थेत रुजू व्हायला आलो तेव्हा दार अर्धवट उघडं होतं आणि आतून हेच चाललं होतं. मला वाटलं, बाईंचा मुलगा रात्री घरी आला नसावा. घरगुती मामला, म्हणून मी दाराबाहेर उभा राहिलो. थोड्या वेळाने आतला आवाज मऊ झाला. "बरं, ऱ्हाऊ दे. थकला आसशील. येवढ्या फेऱ्या मारतोस, तुला तरी कोन इचारतं?" आता माफी झाली असं समजून मी दार ढकललं. आत मुलगा नव्हता. एकट्या सुगंधाताई होत्या, ठसठशीत नथ, हातभर सोन्याच्या बांगड्या, आणि समोर पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ.

"कोन तू?"

"मी कदम. मिरजेहून आलोय. आजपासून तुमच्या गटात..."

"मिरज? बस. जेवलास?"

सकाळची वेळ होती. मी नाही म्हणालो. त्यांनी डबा उघडला आणि तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट पुढे केली. त्या दिवसापासून माझं आडनाव कदम आहे हे त्यांना आठवलेलं नाही. "ए मिरज, इकडं ये," एवढंच.

डॉ. सुगंधा भोईर या आमच्या संस्थेतल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ. संस्था बेलापूरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथे आम्ही पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करतो. ताईंचं नाव सुगंधा आणि डब्यात सुकट, यावरचे सगळे विनोद मी येण्याच्या आधीच संपून गेले होते. त्यातले निम्मे त्यांनी स्वतःच केले होते.

त्या सीवूड्सच्या. पण टॉवरमधल्या नव्हेत, टॉवरच्या मागे जे गावठाण उरलंय, तिथल्या. शहर वसायच्या आधीपासूनच्या. वडील मिठागरात राबलेले, थोडी भातशेती, थोडी खाडी. मॉलच्या पार्किंगमध्ये मी स्कूटर लावली की त्या म्हणत, "तू गाडी लावलीस ना, तितं माझा बाप कोलंबी धरायचा." याचं त्यांना दुःख होतं की अभिमान, हे मला कधी कळलं नाही. बहुधा त्यांना फक्त जागा नोंदवून ठेवायची असावी.

त्यांचं काम काय, हे मी घरी आईला समजावायचा प्रयत्न केला आणि हरलो. ताई मात्र कुणालाही दोन मिनिटांत समजावायच्या. पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्र आहे. सूर्याकडून आणि इकडून तिकडून विजेचा भार असलेले बारीक कण येतात आणि त्या क्षेत्रात अडकतात. काही उत्तर-दक्षिण हेलपाटे घालतात, काही मध्यभागी, चुंबकीय विषुववृत्ताजवळ, घुटमळत राहतात. हे चुंबकीय विषुववृत्त नकाशातल्या विषुववृत्तासारखं सरळ नाही, जरा वाकडंतिकडं आहे आणि आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं. ताईंचा बाल्या, म्हणजे तो उपग्रह, पृथ्वीभोवती खालून खालून फिरत या कणांची मोजणी करायचा. कॉलेजची मुलं भेटीला आली की ताई सांगत, "मिठागर बघितलंय? भरतीला पानी आत घ्यायचं, बांध घालायचा. पानी आलं खरं, पन जाईल कुटं? आमचे कन तसेच. बांध चुंबकाचा, येवढाच फरक." मुलं माना डोलवायची. मग ताई म्हणायच्या, "आता मना सांगा, बांध फुटला तर काय होईल?" आणि पुढचा तासभर मुलं तिथून हलत नसत.

त्यांचा एक शब्द संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला होता. "मोजलंस का?"

कँटीनमध्ये कुणी म्हणालं, आज फार उकडतंय, की पलीकडच्या टेबलावरून यायचं, "मोजलंस का?" डॉक्टर म्हणाले, तुमचं प्रेशर वाढलेलं वाटतंय. "वाटतंय कशाला? यंत्र हाय ना समोर? मोज!" भाच्यासाठी मुलगी बघायला गेल्या, तिथे मुलीच्या मामाने सांगितलं, आमची मुलगी स्वभावाने फार शांत आहे. ताईंनी विचारलं, "कशावरनं? मोजलंय कोनी?" यावर आतल्या खोलीतून मुलगी इतक्या मोठ्याने हसली, की शांतपणाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला आणि ताईंनी लग्न पक्कं करून टाकलं.

सोन्याचंही तसंच. आमच्या आवारात एक लाकडी खोली आहे. तिला आम्ही शांतघर म्हणतो, कारण तिथे लोखंड चालत नाही. चुंबकमापक इतका हळवा असतो की खिशातल्या किल्लीनेही बिथरतो. एकदा एक मोठे पाहुणे तपासणीला आले. त्यांनी दारातच घड्याळ, पट्टा, पेन, बूट, सगळं उतरवून ठेवलं आणि ताईंच्या बांगड्यांकडे बघून भुवया उंचावल्या. "मॅडम, हे काढायला नको?"

"सोन्याला चुंबक लागत नाय, सायेब. मी मोजलंय." आणि ताई सगळ्या बांगड्यांसकट आत गेल्या. यंत्राची रेघ जागची हलली नाही. मग पाहुणे आत गेले. रेघ टुणकन उडाली. ते मागे आले, रेघ खाली. पुढे गेले, रेघ वर. शेवटी ताई फार हळू आवाजात म्हणाल्या, "सायेब, पॅन्टीचा हूक." पाहुण्यांनी उरलेली तपासणी बाहेरूनच केली आणि अहवाल फार चांगला दिला.

आता डॉ. पटवर्धनांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याशिवाय सुगंधाताई सांगून पुऱ्या होत नाहीत.

पटवर्धन पुण्याचे. ताईंच्याच वर्षी संस्थेत लागलेले. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शुद्ध बोलणं आणि डब्यात रोज दहीभात. ताईंची खोली आणि त्यांची खोली समोरासमोर. दोघांत एकच भांडण होतं, पण ते बाल्याइतकंच जुनं होतं.

भांडण एका उंचवट्याचं. बाल्या जेव्हा जेव्हा चुंबकीय विषुववृत्त ओलांडायचा, तेव्हा त्याच्या मोजणीत एक बारीकसा उंचवटा दिसायचा. ताईंचं म्हणणं, खूप वर जसा कणांचा मोठा पट्टा आहे, तसा एवढ्या खालीसुद्धा विषुववृत्तावर प्रोटॉनचा एक पातळ पट्टा आहे. पटवर्धनांचं म्हणणं, पट्टा वगैरे काही नाही, यंत्र म्हातारं झालंय.

"भोईरबाई, ही आपल्या उपकरणाची खरखर आहे."

"खरखर तुझ्या कानात हाय, पटवर्धना."

"इतक्या खाली हवा लागते. प्रोटॉन तिथे टिकणारच नाहीत. मग ते येतात कुठून?"

"वरशी येतात! वरच्या पट्ट्यातला प्रोटॉन वाटेत येक इलेक्ट्रॉन उचलतो. झाला भार नाहीसा, मंग चुंबक त्याला धरू शकत नाय. सुटला, सरल खाली आला. खाली हवेला आपटून इलेक्ट्रॉन पुन्यांदा गेला, की परत अडकला. सासर सोडून माहेरी आयली आनि माहेरी लोकांनी पुन्यांदा लगीन लावून दिलं!"

"उपमा उत्तम आहे. पुरावा द्या."

हे बहुतेक दिवशी व्हायचं, मधल्या पॅसेजमध्ये, जेवणानंतर. संस्थेतली मंडळी त्या वेळी हटकून हात धुवायला त्या बाजूला जायची. नव्या माणसाला वाटायचं, आता हे दोघं पुन्हा एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पटवर्धन पुन्हा दारात उभे असायचे, हातात कागद आणि तोंडावर नवी शंका.

पुरावा एकाच गोष्टीने मिळणार होता, वादळाने. सूर्यावर मोठा भडका झाला आणि त्याचा झोत पृथ्वीवर आला, की चुंबकीय वादळ होतं; वरचा पट्टा कणांनी फुगतो. ताईंचं खरं असेल तर त्या दिवसांत खालचा उंचवटाही वाढायला हवा आणि वादळ सरलं की ओसरायला हवा. नुसती खरखर असेल तर तिला वादळाचं काय? पण ताईंचं नशीब असं, की बाल्या वर गेला त्यानंतर सूर्य अगदी शहाण्या मुलासारखा वागत होता. लहानसहान वादळं आली, त्यांत उंचवटा किंचित हलला. ताई म्हणायच्या, "हालला!" पटवर्धन म्हणायचे, "भास."

तशात पटवर्धन निवृत्त झाले. निरोप समारंभात ताईंनी भाषण केलं, "येवढा हट्टी मानूस मी दुसरा बघितला नाय," आणि खाली बसल्या. समोरच्या खोलीला कुलूप लागलं. पॅसेजमध्ये जेवणानंतर शांतता पसरायला लागली. ताई थोडे दिवस माझ्याशी भांडून बघत होत्या, पण मला लगेच पटायचं. "तुज्यात दम नाय, मिरज," असं त्या एकदा उदासपणे म्हणाल्या.

आणि मग कळलं की बाल्या बंद होणार. त्याचं ठरलेलं आयुष्य कधीच संपलं होतं, बॅटरी कुरकुरत होती, आणि उपग्रह चालवणाऱ्यांनी ठरवलं की येत्या काही महिन्यांत त्याला शांत करायचं. ताईंनी विनंत्या केल्या, फोन केले. समोरून गोड शब्दांत नकार आला. सूर्य तेवढा जागा व्हायला लागला होता, डाग वाढत होते. पण मोठं वादळ कधी येईल ते कोण सांगणार?

तेव्हा ताईंनी एक गोष्ट केली, जी कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेली नाही. त्या गावदेवीला गेल्या, नारळ ठेवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "आये, येक वादल दे. मोटं दे."

ताईंना हळू बोलता येत नाही, ही खरी अडचण. देवळाच्या पायरीवर जाळी विणत बसलेल्या दोघांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की सुगंधा देवीकडे वादळ मागते. गाव मासेमारीचं. खाडीत होड्या. दुसऱ्या दिवशी ताईंचे चुलते नामाकाका, स्वतःच्या होडीचे मालक, चार माणसं घेऊन दारात उभे. त्याच वेळी मी ताईंना कागद द्यायला गेलो होतो, म्हणून हे सगळं मला समक्ष बघायला मिळालं.

"सुगंधे, तू वादल मागितलंस?"

"मागितलं."

"तुझी माया हाय का नाय आमच्यावर? माझी होडी खाडीन हाय, पोरी!"

"काका, पान्याचं वादल नाय ते. सूर्यावरशी येतं. चुंबकाचं वादल."

"सूर्यावरशी येतं ना? मंग खालीच येनार!"

"येत नाय खाली. वरच्या वर फिरतं."

"मोजलंस का?" काकांनी विचारलं.

ताईंनी पदर पुन्हा कमरेला खोचला. मागून एका तरुण भाच्याने विचारलं, "आत्या, नेटवर्क जाईल का?" त्याला होडीपेक्षा ती काळजी मोठी होती.

शेवटी तोडगा निघाला. ताईंनी सगळ्यांसमोर दुसरा नारळ ठेवायचा आणि मागणं दुरुस्त करायचं. देवळात हीऽ गर्दी. ताई हात जोडून उभ्या राहिल्या आणि संस्थेत एखाद्या यंत्राची मागणी लिहितात तशा स्वरात बोलल्या, "आये, वादल दे, पन सूर्यावरचं दे. पृथ्वीच्या चुंबकापुरतं दे. खाडीला, होडीला, भरती-ओहोटीला, मोबाईलला हात लावू नको. मोटं दे, पन दोन-तीन दिवसांत आवर. आनि बाल्या बंद व्हायच्या आत दे." मग जरा थांबून, "जमलं तर रविवारी देऊ नको, हापिसात कोन नसतं."

"नामाकाकाच्या होडीचं नाव घे," मागून कुणीतरी म्हणालं. त्यांनी तेही घेतलं.

वादळ रविवारी आलं.

आणि नुसत्या रविवारी नाही, भाच्याच्या हळदीच्या दिवशी. त्याच भाच्याच्या, ज्याची होणारी बायको मोठ्याने हसली होती. आगरी घरातली हळद ज्याने बघितली नाही त्याला सांगून उपयोग नाही. गल्लीत मांडव, बँजो, ढोलकी, सगळी बायामाणसं पिवळीजर्द, आणि मधोमध आमच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ, नऊवारी नेसून, नथ घालून, दोन्ही हात वर करून नाचताहेत. मी पाहुणा म्हणून एका खुर्चीत बसलो होतो. दुपार कलायला आली असताना माझ्या फोनवर सूचना आली. सूर्यावरचा झोत पोचला होता. चुंबकीय वादळ, आणि साधंसुधं नव्हे, फार मोठं.

मी गर्दीतून वाट काढत ताईंपर्यंत गेलो आणि त्यांच्या कानाशी ओरडलो. बँजो जोरात होता. त्यांना वाटलं मी नाचायला आलोय. त्यांनी माझा हात धरून मला दोन गिरक्या दिल्या. मग मी फोनच त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

ताई थांबल्या. त्यांच्याबरोबर बाजूच्या बायका थांबल्या, मग ढोलकी थांबली. "काय झालं?" नवऱ्यामुलाची आई घाबरून म्हणाली. ताईंनी सगळीकडे बघितलं आणि ओरडल्या, "वादल आयलं!"

निम्मी माणसं आभाळाकडे बघायला लागली. आभाळ स्वच्छ. नामाकाका उठून तडक खाडीच्या दिशेने चालू लागले.

आम्ही स्कूटरवरून बेलापूरला निघालो. ताई मागे एका बाजूला पाय टाकून बसलेल्या, अंगभर हळद, बांगड्यांचा खणखणाट. सिग्नलला लोक माझ्याकडे असे बघत होते, की मी मांडवातून कुणाला तरी पळवून नेतोय. संस्थेच्या दारात सुरक्षारक्षकाने अडवलं. "कुठं चाललात मावशी?" रोज सलाम करणारा माणूस, पण त्याने ओळखलं नाही. "काय रं, मावशी कोनाला बोलतोस?" हा आवाज मात्र त्याने ओळखला आणि दार उघडलं.

बाल्याचे आकडे यायला वेळ होता. तो एक तास ताई बसल्या नाहीत. हळदीच्या हातांनी त्यांनी खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेवटी पडद्यावर रेघ उतरायला लागली. डावीकडून सपाट आली, सपाट, सपाट, आणि चुंबकीय विषुववृत्ताशी आल्यावर अशी चढली, की आम्हाला पडद्याची मोजपट्टी बदलावी लागली. पुढच्या फेरीत तेच. पृथ्वी खाली फिरत होती, बाल्या नव्या जागी विषुववृत्त ओलांडत होता, आणि विषुववृत्त वाकडं होतं तिथे उंचवटाही त्याच्या मागोमाग वाकडा सरकत होता.

मी ताईंकडे बघितलं. वाटलं, आता ओरडतील. पण त्यांच्या हळदीच्या गालावरून पाणी ओघळून दोन स्वच्छ रेघा उमटल्या होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नामाकाका.

"सुगंधे, आलं का तुझं वादल?"

"आलं, काका."

"हिकडं पानी येकदम गप हाय. होडी हालत पन नाय. देवीनं बराबर ऐकलं बघ तुझं."

त्या दिवसापासून आमच्या संगणकाच्या काही कळा पिवळ्या आहेत. पुसल्या तरी जात नाहीत, आणि खरं तर कुणी मनापासून पुसतही नाही.

वादळ दोन-तीन दिवसांत सरलं. उंचवटा ठरल्यासारखा ओसरला. मग ताईंनी मला कामाला जुंपलं. एकेक शंका काढायची आणि खोडायची. त्यातली सगळ्यात चिवट शंका तापमानाची. यंत्र उन्हात तापलं की खरखर वाढते. मग वाढ त्यामुळे नसेल कशावरून? मी कित्येक आठवडे फक्त तेवढंच केलं. दिवसाच्या फेऱ्या, रात्रीच्या फेऱ्या, उन्हातल्या, सावलीतल्या. कुठल्याही बाजूने बघितलं तरी उंचवटा तिथेच. पुढे बाल्याला बंद करायचा दिवस आला. त्या सकाळी शिव्या जरा जास्त वेळ चालल्या.

त्यानंतर एका मंगळवारी ताई म्हणाल्या, "मिरज, स्कूटर काढ. खारघरला जायचंय. पटवर्धनाला दाखवू."

मला आनंद झाला. इतक्या वर्षांचं भांडण, आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याचा निकाल! ताईंनी वाटेत पेढे घेतले. मी मनात पटवर्धनांचा चेहरा रंगवत होतो.

दार पटवर्धनांनीच उघडलं. शर्ट तोच पांढरा, पण इस्त्री नव्हती. घरात ते एकटेच. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा परदेशात. त्यांनी ताईंकडे बघितलं आणि गोंधळून म्हणाले, "भोईरबाई? आज गुरुवार नाही."

मी ताईंकडे बघितलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "म्हाइत हाय," म्हणत त्या आत गेल्या आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचे पेले घेऊन आल्या. कपाट कुठलं, पेले कुठल्या फळीवर, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

टेबलावर आम्ही आलेख पसरले. वादळाच्या आधीचा, वादळातला, नंतरचा. पटवर्धनांनी चष्मा लावला. बोटाने रेघ गिरवत ते एकेक कागद बघत गेले. मग पहिल्यापासून पुन्हा बघितले. शेवटी त्यांनी चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत मागे टेकून बसले. एकदम फार थकलेले दिसले.

"छान आहे," ते म्हणाले. "फारच स्वच्छ आहे. भोईरबाई, मला वाटतं, इतकी वर्षं तुमचंच..."

"थांब," ताई म्हणाल्या.

"नाही, मला बोलू द्या. मी मान्य..."

"आरे थांब ना! येवढ्यात काय मानतोस? तू पटवर्धन हाएस ना? तापमानाचं काय?"

"तापमान?"

"यंत्र उन्हात तापलं आसंल. मंग खरखर वाढली आसंल. हे कोन बघनार?"

पटवर्धन सावकाश पुढे झाले. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तापमान," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "तापमान! अगदी बरोबर! भोईरबाई, हे तुम्ही आधीच बघायला हवं होतं. इतकी ढोबळ चूक तुमच्याकडून अपेक्षित नव्हती!" ते उठले, कोरे कागद शोधायला लागले, पेन सापडेना म्हणून आतल्या खोलीत गेले आणि तिथूनच बोलत राहिले. "आणि केवळ तापमान नव्हे, तापमान बदलण्याचा वेगसुद्धा..."

मी तोंड उघडलं. माझे कित्येक आठवडे त्या तापमानात गेले होते. टेबलाखालून ताईंनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

मग तासभर दोघं भांडले. पटवर्धनांनी पेढे खाल्ले, दोनदा टेबलावर हात आपटला आणि एकदा इतके हसले की त्यांना ठसका लागला. निघताना ते जिन्यापर्यंत पोचवायला आले. "मग गुरुवारी तापमान घेऊन या. कारणं नकोत."

"आनते. तू तुझा दहीभात खा आनि डोकं ठिकानावर ठेव."

आम्ही खाली स्कूटरपाशी आलो. मग राहवेना. "ताई, तापमान तर आपण बघितलंय. ते मान्य म्हणत होते. तुम्ही म्हणू का दिलं नाही?"

ताई पदर सावरत बसल्या.

"मान्य म्हनला आसता, तर मंग मी गुरुवारी जाऊ कुटं?"

मी स्कूटर सुरू करायचं विसरलो.

"घर भरलंय माझं मान्सांनी," त्या म्हणाल्या. "भाऊ, भावजया, पोरं, सुना. सगली जीव लावतात. पन प्रोटॉनवर भांडनारं घरात कोन हाय, सांग? आनि त्याच्याकडं तर भांडायला पन कोन नाय." मग खांद्यावर थाप मारून, "चल आता. आनि ऐक, ते तापमान मना येकदम सगलं देऊ नको. या गुरुवारी दिवसाचं नेते. रातचं पुढच्या गुरुवारी."